हातचा

ज्या आठवड्यात बारा तारीख येते
तो आठवडा खरा.
बाकीचे तीन कसेही जावोत.

एकोणीसच्या सुमाराला मी फोन उचलते.
ईरी गाव, पेनसिल्व्हेनिया,
तळ्यावरून बर्फ आडवा येतोय.
छापलंय तेच वाचायचं,
शब्द इकडचा तिकडे करायची मुभा नाही:
गेल्या आठवड्यात तुम्ही पैशासाठी काही काम केलंत का?

वेंडेल कुझ्माक, वय त्रेपन्न.
प्लॅस्टिकच्या साच्यांवर एकवीस वर्षं.
'नाही.'
गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का?
'सतरा ठिकाणी. यादी वाचू?'
यादी लागत नाही.
त्याने वाचली. मी ऐकली.
आठव्या नावाशी मागून बायको म्हणाली,
तिथे तर तू गेलाच नाहीस.
'गेलो होतो,' तो म्हणाला,
'गाडीतून उतरलो नाही, एवढंच.'

हा नोव्हेंबर.
डिसेंबरात शोधलं. जानेवारीत शोधलं.
फेब्रुवारीत बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला,
मग, 'या महिन्यात नाही.'
मी चौकटीत खूण केली.
आता तो बेकार नव्हता.
कामावरही नव्हता.
खिडकीबाहेर, गोठलेल्या पाण्याला भोक पाडून
कुणी गळ टाकून बसलेला,
ना तळ्यात, ना मळ्यात.

तुलसा रिझालचं वेगळं.
भावाच्या दुकानात बसते. घर एकच, पगार नाही.
पंधरा तास भरले तर ती कामावर,
चौदा भरले तर खिजगणतीत नाही.
ती बोटं मोजते, मध्येच गिऱ्हाइकाला सुटे देते,
'चौदा... थांबा हं... मंगळवारी उशीर झाला होता...'
मी थांबते.
थांबायला परवानगी आहे. सुचवायला नाही.

मार्चचा पहिला शुक्रवार, सकाळचे साडेआठ.
रेडिओवर आकडा: एक दशांश खाली.
निवेदक खूश, शेअर बाजार खूश.
नवरा टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला,
चला, सुधारतंय म्हणायचं.
मी गप्प. शपथ घेतलीय,
कुणाचं उत्तर उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही.
एकटा वेंडेल तेवढा जड नाही, हे मलाही कळतं;
पण एका घरामागे हजारो घरं धरतात,
त्या हजारांनीही एकदमच
गाडीतून उतरणं सोडलं असेल.
आणि नाताळानंतर दुकानांतून काढलेल्या पोरी
दरवर्षीच्याच,
म्हणून त्यांचं रडं आधीच वजा केलेलं असतं.
पुढच्या महिन्यात हाही आकडा दुरुस्त होईल,
तेव्हा रेडिओवर हवामान चालू असेल.

चार महिने विचारायचं,
आठ महिने सोडून द्यायचं,
पुन्हा चार महिने. नियमच तसा.
उन्हाळाभर वेंडेल माझ्यापुरता नव्हताच.

मग नोव्हेंबर.
सध्या घरात किती माणसं?
'एक.'
मी लिहिलं. मागून त्याला कुणी दुरुस्त केलं नाही.
का, हा प्रश्न छापलेला नाही.
गेल्या आठवड्यात पैशासाठी काही काम?
'शेजारणीचं बर्फ उपसायचं यंत्र नीट करून दिलं.
वीस डॉलर दिले तिने. नको म्हणत होतो.'
किती तास?
'एक. हात धुण्याचा वेळ धरला तर सव्वा.'

एक पुरतो.
खूण केली: कामावर.

'मग आता मी कशात?'
असं विचारणारा तो पहिला नाही.
मी म्हणाले, सहकार्याबद्दल आभार.
तेवढं छापलेलं आहे.

शाळेत बेरीज करताना आम्ही
हातचा एक बोटावर धरायचो,
पुढच्या रकान्यात मिळवेपर्यंत
ते बोट उघडायचं नाही.

पुढचा नंबर लागला.
कुणीतरी हॅलो म्हणालं, पुन्हा म्हणालं.
मी एका हाताने कागद उलटला,
दुसऱ्याचं एक बोट
अजून मिटलेलंच.